पोलीस पाटलाच्या घरातला एडिटर

माझं लग्न ठरलं तेव्हा स्थळाची दोनच वैशिष्ट्यं सांगितली गेली. पोरगा औरंगाबादला राहून कॉम्प्युटर शिकलाय, आणि सासरे गोरेगावचे माजी पोलीस पाटील आहेत. माझे वडील दुसऱ्या गोष्टीवरच भाळले. पोरगी सुरक्षित राहील, म्हणाले. राहिले ना! इतकी सुरक्षित राहिले की परसात जाऊन शिंकले तरी संध्याकाळी त्याची चौकशी व्हायची.

पोलीस पाटील म्हणजे गावात कोण नवं आलं, कोण कुठं गेलं, कुणाचं कुणाशी वाजलं, हे ठाण्याला कळवणारा माणूस. मी सून होऊन आले तेव्हा सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, पद जाऊन बरीच वर्षं झाली होती. खोड काही गेली नव्हती. ठाण्याला आता त्यांच्या बातम्या नको होत्या, तर ते त्या घरातल्या घरात गोळा करायचे. दिवेलागणीला ओट्यावर बसायचे, चहाचा कप हातात घ्यायचे आणि सासूबाईंना समोर उभं करायचे. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे.

"सून दिवसभर काय करून राहिली?"

"सकाळी दळण आणलं. मंग जेवणं झाली. मंग त्या डब्ब्यापुढं बसली."

"दळणाला येवढा येळ काहून लागला?"

"गिरणीवर गर्दी हुती."

"कुणाकुणाची?"

आणि आत्याबाई सगळी गर्दी नावानिशी सांगायच्या! त्या काही माझ्याबरोबर गिरणीवर आलेल्या नसायच्या. त्यांना कुठून कळायचं देव जाणे. मी चुलीपुढं बसून हे ऐकायचे आणि तळपायाची आग मस्तकाला जायची. मामंजींचा राग यायचाच, पण आत्याबाईंचा जास्त यायचा. म्हातारा विचारतो तर विचारू दे, ही बाई एवढं मन लावून काहून सांगते?

तेव्हापासून मला एकच गोष्ट पाहिजे होती. हिंगोलीला एक खोली. मोठी नको. मोरी असली, खिडकी असली आणि दाराला आतून कडी असली की झालं. गोरेगावात आमच्या खोलीच्या दाराला आतून कडीच नव्हती. बाहेरून होती. ती कशासाठी बसवली होती हे मला आजवर कळलेलं नाही.

त्या खोलीचा रस्ता डब्ब्यातून जात होता. डब्बा म्हणजे आमच्या ह्यांचा कॉम्प्युटर. हिंगोलीचा नवा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जिकडंतिकडं कॉम्प्युटरची हवा होती. मोंढ्यातल्या एका हळदीच्या आडत्यानं यांना सांगितलं, हंगाम सुरू व्हायच्या आत माझ्या आडतीचा कारभार कॉम्प्युटरवर चालवून दाखव, चालला तर तुला आणि तुझ्या बायकोला दोघांनाही कामावर ठेवतो. मी बी.एस्सी. होते आणि प्रोग्रॅमिंग यांच्याकडूनच शिकले होते. शेतकऱ्याला हळदीच्या वजनाची, हमाली-तोलाईची पट्टी देतात, तो भाग मी लिहायचा, बाकीचा यांनी. काम मिळालं तर खोली, नाही मिळालं तर जन्मभर गोरेगाव. एवढं सरळ होतं.

पण हा माणूस कामाला हात लावील तर शपथ!

प्रोग्रॅम ज्यात लिहितात त्याला एडिटर म्हणतात. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं, बस्स. पण या एडिटरचं काहीही बदलता येतं, आणि आमच्या ह्यांना सगळंच बदलायचं होतं. आधी अक्षरांना हळदीचा रंग दिला. मग वर-खाली जायच्या कळा बदलल्या. त्या बोटांना लांब पडतात म्हणून परत बदलल्या. लाइट केव्हा जाईल याचा नेम नसायचा, म्हणून बोटं थांबली की लिहिलेलं आपोआप जपलं जाईल अशी सोय केली. ती चांगली होती, नाही म्हणत नाही. पण मग एडिटर उघडला की 'राम राम' म्हणायला लागला. बंद करायला गेलं की 'एवढ्यात?' म्हणून विचारायला लागला. पोळ्याला बैल सजवावा तसा हा माणूस महिनोन्महिने एडिटर सजवत होता, आणि वावर तसंच पडलेलं.

"अहो, प्रोग्रॅम कधी लिहिणार?"

"अगं, अवजार नीट असलं की काम चुटकीसरशी होतं."

"नमनालाच घडाभर तेल जाऊन राहिलं."

"तू बघच."

बघितलं. शेवटी तो एडिटर असा झाला की आम्हा दोघांशिवाय कुणाला चालवता येईना. यांच्या मित्रानं एकदा सहज एक कळ दाबली तर पडद्याचे दोन तुकडे झाले, एका तुकड्यात 'राम राम' आलं आणि मशीन पिं पिं करत सुटलं. यांचीही तीच गत. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर यांना आता एक ओळ धड लिहिता येईना, बोटं भलतीकडंच जायची.

मी माझी पट्टी लिहीत बसायचे आणि आत्याबाई माझ्या पाठीशी उभ्या राहायच्या. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. तरी उभ्या. मला वाटायचं, बघू दे, काय कळणार आहे? एका संध्याकाळी ओट्यावरून मामंजींचा आवाज आला, "डब्ब्यापुढं बसून काम करती का नुसता टाइमपास?"

"दुपारपर्यंत काम केलं," आत्याबाई म्हणाल्या. "मंग हिरवं लिवत हुती. हिरवं लिवती तवा ती काम करत न्हाई, मनचं लिवती."

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. प्रोग्रॅममध्ये आपण स्वतःसाठी टिपणं लिहितो, मशीन ती वाचत नाही. यांच्या एडिटरमध्ये ती हिरवी दिसायची. आणि मी खरंच दुपारनंतर तिथं हमालीचा हिशोब सोडून घरच्यांना शिव्या लिहीत बसले होते! दुसऱ्या दिवशी मी सगळे रंग काढून टाकले, अक्षरन् अक्षर पांढरं केलं. त्या संध्याकाळी बातमी गेली, "आज डब्ब्याची टकटक लई झाली न्हाई. नुसती बसून हुती."

हे सगळं मी यांच्या त्या मित्राला सांगितलं. त्याला सगळं गाव वकील म्हणायचं. तो वकिली शिकलेला होता, पण दुकान खताचं चालवायचा, आणि काळा कोट फक्त लग्नांत घालायचा. तो एकदम उठून उभा राहिला.

"वहिनी, सरकार हेच करतं! पत्रात काय लिहिलं ते वाचायची गरजच न्हाई. कुणी कुणाला, कवा, किती वेळ, एवढं कळलं की बास! तुमच्या सासूबाई म्हणजे..."

"हळू बोला," मी म्हणलं. आत्याबाई दारातच होत्या.

तेव्हापासून रोज आमच्या ओट्यावर सरकारवर चर्चा सुरू झाली. वकिलानं पेपरात वाचलेलं असायचं, की फोन ऐकतात, पत्रं उघडतात, आता कॉम्प्युटरमध्येही डोकावणार. मामंजींना तर हे ऐकून आनंदच व्हायचा.

"सरकारला न्हाई कळावं तर कुणाला कळावं? ज्याच्या मनात पाप न्हाई त्याला कशाची तकलीफ?"

"मग मामा, तुमी संडासाला दार काहून लावता?" वकील म्हणाला. "तिथं काय पाप करून राहिले?"

मामंजी विचारात पडले. मग म्हणाले, "मी तर वढ्याकडं जातो."

अर्धं गाव ओढ्याकडंच जायचं, त्यामुळं वकिलाचा हा मुद्दा गोरेगावात कधी चाललाच नाही. आमचे हे दोघांनाही 'बराबर हाय' म्हणायचे आणि मग एन्क्रिप्शन समजावून सांगायचे. म्हणजे असं गणिती कुलूप, की जे साऱ्या जगातले कॉम्प्युटर जुंपले तरी फुटत नाही. मामंजी म्हणायचे, असं कुलूप चोरालाच लागतं. वकील म्हणायचा, आज हळद, उद्या तुमी! याचा अर्थ काय ते कुणालाच कळायचं नाही, पण सगळे माना हलवायचे.

तिघं पुरुष ओट्यावर घसा कोरडा करत होते, की सरकारनं माणसावर नजर ठेवावी का ठेवू नये. आणि आत मी त्यांचे कप विसळत होते तर आत्याबाई बघत होत्या, की मी कितीदा थांबले.

चर्चेचा शेवट असा झाला की यांनी एडिटरला कुलूप बसवलं. प्रोग्रॅम थोडा पुढं सरकला होता, तो बाजूला ठेवून आधी कुलूप. आता लिहिलेलं सगळं बंद होऊन बसायचं, आणि उघडायला एक आख्खं वाक्य टाइप करायचं. नियम वकिलानं घालून दिले. प्रत्येकाचं वाक्य वेगळं, आणि कुणी कुणाला सांगायचं नाही. नवरा-बायकोनंसुद्धा नाही.

"उद्या एकाला धरलं तर दुसऱ्याचं तरी वाचंल," तो म्हणाला.

"धरतंय कोण आमाला?" मी विचारलं.

"ते धरल्यावर कळतं, वहिनी. आणि वाक्य असं ठेवा, की जे तुमी जन्मात कुणापुढं बोलणार न्हाई. म्हणजे तोंडातून निघायचा सवालच न्हाई."

वकिलानं स्वतःसाठीही एक वाक्य ठरवलं. त्याच्याकडं कॉम्प्युटर नव्हता, कुलूप लावावं असं काही नव्हतं, तरी दर आठ-पंधरा दिवसांनी तो ते सुरक्षेसाठी बदलायचा.

मला विचार करावाच लागला नाही. बोटांनी आपोआप लिहिलं: आत्याबाईच्या नजरेखाली माझा जीव गुदमरतो, मला आतून कडी असलेली खोली पाहिजे. रोज सकाळी मी हे वाक्य टाइप करायचे आणि खरं सांगते, देवपूजेनंसुद्धा एवढं बरं वाटलं नसतं. पडद्यावर अक्षरं दिसायची नाहीत, नुसत्या चांदण्या उमटायच्या. आत्याबाई मागंच उभ्या असायच्या.

"हे चांदण्या चांदण्या काय लिवती?"

"देवाचं नाव हाय."

"मोठं हाय," त्या म्हणाल्या.

हंगाम तोंडावर आला आणि आडत्याचा निरोप आला की घेऊन ये, बघू. यांना दुसऱ्याच्या मशीनवर काम जमत नव्हतं, म्हणून यांनी आमचा डब्बाच न्यायचं ठरवलं. गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसले. शेजारची म्हातारी गोधडीकडं बघून म्हणाली, "लेकराला लई ताप हाय का?" आणि यांनी 'व्हय' म्हणून टाकलं. काय सांगणार बिचारे! त्या म्हातारीनं हिंगोलीपर्यंत गोधडीवर हात ठेवला होता म्हणे.

मी घरी. दोघांची तिकिटं कशाला, दाखवायला एक जण पुरे, असं आमचं ठरलं होतं. आणि दोघंही एवढे शहाणे, की रोज सकाळी माझा भाग मीच उघडायचे, तर हिंगोलीत तो कोण उघडणार, हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नाही.

दुपारी समोरच्या किराणा दुकानातून हाक आली, "पाटलाच्या सुनबाईला हिंगोलीहून फोन! अर्जंट हाय!" गल्लीत तो एकच फोन. सुनेनं एकटीनं फोनला जायची आमच्याकडं रीत नव्हती, म्हणून आत्याबाई माझं कोपर धरून सोबत आल्या. दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं होती. वकील शेजारच्या त्याच्या दुकानातून आलाच. मामंजी ओट्यावरून उठून चपला न घालता आले.

"अगं, तुझा भाग उघडत न्हाई!" हे तिकडून ओरडले. "वाक्य सांग!"

"तुमी उद्या मला घेऊन जा, मी उघडते."

"उद्या? मालक आत्ता बिटाला, लिलावाला निघालेत. परभणीहून दुसरा एक जण प्रोग्रॅम घेऊन आलाय, बाहेर बसलाय. सांग लवकर!"

मी तोंडाला पदर लावून हळूच पहिला शब्द बोलले.

"मोठ्यानं! खरखर येऊन राहिली!"

"वहिनी, सांगू नका!" वकील मागून ओरडला. "फोन ऐकत असतात!"

"कोण?" दुकानदारानं विचारलं.

"सरकार!"

दुकानदारानं फोनकडं जरा आदरानं बघितलं. मामंजी म्हणाले, "सांग की! चोरीचं हाय का काही?"

मी सगळ्यांची तोंडं बघितली. खोटं वाक्य सांगितलं तर ते उघडणार नव्हतं. नाही सांगितलं तर परभणीचा माणूस आत जाणार होता, आणि माझी खोली, माझी मोरी, माझी कडी, सगळं त्याच्याबरोबर जाणार होतं. मी डोळे मिटले.

"आत्याबाईच्या!" मी ओरडले.

"आत्याबाईच्या," हे तिकडं मोठ्यानं म्हणत एकेक कळ बडवत होते. "हं. पुढं?"

"नजरेखाली!"

"नजरेखाली. पुढं?"

दुकानातला तराजू हलायचा थांबला.

"माझा जीव!"

"माझा जीव. पुढं?"

"गुदमरतो!"

पुढचं मी एका दमात बोलून टाकलं, खोली, कडी, पाहिजे, सगळं. माझ्या कोपरावरचा आत्याबाईंचा हात तसाच होता. ना घट्ट झाला, ना सुटला. तिकडून हे म्हणाले, "चुकलं म्हणून राहिलाय. मधलं काहीतरी राहिलं. नजरेखालीच्या पुढं काय होतं?"

मी पदरात तोंड लपवलं. दुकानदार भला माणूस. तो वाकून फोनमध्ये म्हणाला, "माझा जीव गुदमरतो."

"आणि मग खोली!" वकिलाला राहवलं नाही. "आतून कडी असलेली!"

"पाहिजे राहिलं, पाहिजे," गूळ घ्यायला आलेली बाई म्हणाली.

असं सगळ्या दुकानानं मिळून यांना माझं वाक्य सांगितलं. जन्मात कुणापुढं बोलणार नाही ते वाक्य! तिकडून हे किंचाळले, "उघडलं!" आणि फोन ठेवून दिला.

हे तिकडं प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत होते, त्यामुळं आडत्यानंही सगळं ऐकलं होतं आणि दारातल्या हमालांनीही. आडत्यानं पट्टी काढून बघितली, वजनं ताडून बघितली आणि म्हणाला, "जी बाई एवढं खरं बोलती, तिचा हिशोबबी खराच असंल." परभणीच्या माणसाला त्यानं चहा पाजून परत पाठवलं.

हे आम्हाला रात्री कळलं. दुपारी मात्र मी मान खाली घालून रस्ता ओलांडला तेव्हा वाटत होतं, धरणी दुभंगली तर बरं. मामंजी पुढं, लालबुंद. अंगणात पोचल्यावर ते गर्रकन वळले. आता माझी खैर नाही, असं मी म्हणते तोवर ते आत्याबाईंवर तुटून पडले.

"तू नजर ठेवती हिच्यावर? काहून ठेवती? गावभर माझी इज्जत घालवली!"

आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. दिवेलागणीला मामंजी नेहमीसारखे ओट्यावर बसले. कप हातात आल्यावर सवयीनं तोंडातून निघालंच, "सून दिवसभर काय करून राहिली?"

"दुकानात गेली हुती," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी हुतेच की."

हे रात्री गोधडी मांडीवर घेऊन परतले. काम मिळालं, खोलीही बघून आलो, म्हणाले. त्या वाक्याबद्दल काही बोलतील म्हणून मी वाट बघत होते. शेवटी म्हणाले, "एवढं लांब वाक्य ठेवायची काय गरज होती?"

माझं डोकंच फिरलं. "तुमचं काय हाय मग?"

"राम राम," ते म्हणाले.

एडिटर उघडला की तोच पडद्यावर म्हणायचा ते! हसावं का कपाळ बडवून घ्यावं मला कळेना. मी भिंतीकडं तोंड करून रडले. यांना वाटलं आनंदानं रडते.

निघायच्या आदल्या दिवशी मी भांडी पोत्यात भरत होते. आत्याबाई आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. त्या दुपारपासून आम्ही एकमेकींशी मिठाला-पिठाला लागेल तेवढंच बोललो होतो.

"आत्याबाई, त्या दिवशी मी जे..."

"ऱ्हाऊ दे." त्यांनी एक पातेलं उचललं, पुसलं, माझ्या हातात दिलं. "तू गेली की सांजच्याला ते मला काय इचारतील?"

मला प्रश्न कळला नाही.

"तू यायच्या आधी माझंच इचारायचे. कुठं गेली, कुणाशी बोलली, विहिरीवर येळ काहून लागला. आधी माझ्या सासूला उभं करायचे. सासू गेली, मंग माझं मलाच इचारायला लागले. तू आली, मंग कुठं ते तुझ्याकडं वळलं. म्हनून तुझं समदं बराबर सांगत गेले, बाई. भरपूर सांगितलं की त्यांचं पोट भरायचं. माझं कुणी इचारायचं न्हाई."

इतकी वर्षं मी त्या बाईला मनातल्या मनात काय काय बोलले होते!

"रोज दिवस मावळायच्या आत दुकानात फोन कर," त्या म्हणाल्या. "काय काय केलं ते सांग. न्हाई केलं कायी तर बनवून सांग. पर भरपूर सांग, पोरी."

हिंगोलीच्या खोलीला कडी होती, चांगली पितळी. पहिल्या दिवशी मी ती उगीच लावत-काढत बसले. आणि रोज संध्याकाळी तीच कडी काढून, आडतीतून आल्यावर दमलेली असले तरी, कोपऱ्यावरच्या फोनवर जायचे आणि माझ्या दिवसाची बातमी द्यायचे. खरा दिवस असा काय असतो? आडत, पट्ट्या, खिचडी. ते पुरायचं नाही. मग मी पापड लाटले, वाती वळल्या, न केलेल्या उपासाचे फराळ केले. तेही पुरेना, तेव्हा एक शेजारीण तयार केली. शेजारणीला एक दीर दिला, तो दारू प्यायचा, भांडी विकायचा. आत्याबाई पलीकडून 'हां, हां, पुढं?' करत सगळं मनात साठवायच्या.

मामंजींनी त्या दिराचं भलतंच मनावर घेतलं. स्वतः विचारायला लागले, "त्या शेजारणीच्या दिराचं काय झालं?" एकदा तर निरोप दिला, की त्याला ठाण्यात द्या, मी फौजदाराशी बोलतो. आली का पंचाईत! मग मला घाईघाईनं त्या दिराची दारू सोडवावी लागली, त्याच्या गळ्यात माळ घालावी लागली, वर त्याला चांगलं स्थळही बघावं लागलं. लग्न ठरलं तेव्हा मामंजी म्हणाले म्हणे, "वेळेवर नजर ठेवली की माणूस सुधरतो."

आमचे हे अजून एडिटर सजवतच होते. वकील अधूनमधून यायचा आणि सांगायचा की आता मोबाइल आलेत, आता तर सरकारचं आणखीच फावणार. मी दोघांना चहा द्यायचे आणि फोन करायला निघायचे.

काही वर्षांनी मामंजी गेले. दिवसपाणी उरकलं, आत्याबाईंना आमच्याकडं चला म्हणलं, तर सध्या नको म्हणाल्या. मी हिंगोलीला परत आले. तोवर आत्याबाईंकडंही मोबाइल आला होता. पहिल्याच संध्याकाळी सवयीनं फोन लावला आणि सुरू केलं, "आत्याबाई, आज त्या शेजारणीनं..."

"आता कुणाला सांगू, पोरी?" त्या म्हणाल्या.

मी फोन ठेवून दिला. मग माझा रोजचा फोन बंदच पडला. दिवस मावळला की मला काहीतरी विसरल्यासारखं व्हायचं. मी दारात जाऊन उभी राहायचे आणि परत येऊन बसायचे.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी फोन तिकडून आला. इतक्या वर्षांत आत्याबाईंनी आपणहून फोन कधी केला नव्हता.

"काय झालं, आत्याबाई?"

"काय न्हाई झालं. आज औंढ्याला गेले हुते. नागनाथाला. एकलीच. जीपमदी पुढं बसले, ड्रायव्हरच्या बाजूला. देऊळ बघितलं, मंग बाजार बघितला. बांगड्यावाल्याच्या दुकानात नुसतीच बसले. उठावं वाटंना. मंग भजे खाल्ले."

आणि काय सांगू, इतक्या वर्षांची त्या घरातली सवय, माझ्याच तोंडातून निघून गेलं, "आणि कुणाला सांगून गेलात?"

"आत्ता तुला सांगून राहिले की," त्या म्हणाल्या.